काठ द्या, कट्टा नको

तळं सुधारायचं ठरलं की आपल्याकडे आधी दगड येतात. मग सिमेंट, मग पेव्हर ब्लॉक, मग जाळीचं कुंपण, दिवे, बाकडी, व्यायामाची यंत्रं आणि शेवटी कोनशिला. या यादीत मासा नाही. बेडूक नाही. पाणकोंबडी नाही. ज्यांचं ते घर, त्यांच्यासाठी एकही रकाना नसलेल्या कामाला आपण ‘पुनरुज्जीवन’ म्हणतो आणि उद्घाटनाला टाळ्या वाजवतो. या टाळ्या आता थांबायला हव्यात.

आमचं बंगळूरचं जयनगर आखून वसवलेलं. १९४८ साली चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अशोक स्तंभ अजून उभा आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, ब्लॉकनिहाय वस्ती, सगळं कागदावर आधी आणि जमिनीवर नंतर. पण ती जमीन रिकामी नव्हती. यडियूर, भैरसंद्र ही जुनी गावं तिथे होती आणि प्रत्येक गावाची आपली केरे होती, आपलं तळं होतं. यडियूरचं तळं आजही आहे, भैरसंद्रचंही आहे. उत्तरेला लालबागेचं तळं, दक्षिणेला जे. पी. नगरकडे सारक्की आणि पुट्टेनहळ्ळी. जयनगरकर कुठल्याही ब्लॉकात राहो, थोड्या वेळात तो कुठल्या तरी पाण्याच्या काठी पोचू शकतो. भारतातल्या किती शहरी वस्त्यांना हे भाग्य आहे? आणि आपण काय करतो, तर सकाळी तिथे जाऊन कानात गाणी घालून, पाण्याकडे न बघता, पावलं मोजतो.

चालायला माझी ना नाही. चाला, जरूर चाला. पण तळं चालणाऱ्यांसाठी नाही, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवरच्या पठाराच्या कण्यावर बसलंय. शहरातून वाहणारी मोठी नदी नाही. म्हणून इथल्या लोकांनी शतकानुशतकं उतार अडवून तळी बांधली. एकाचं पाणी भरलं की सांडव्यावरून दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, अशी साखळी. त्यांना जोडणाऱ्या ओढ्यांना इथे राजकालुवे म्हणतात. १५३७ साली केंपेगौडाने शहर वसवलं तेही तळ्यांच्या भरवशावर. पुढे शंभरेक वर्षांनी शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हा शहर याच तळ्यांवर जगत होतं. आज गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जायला आपण मॅजेस्टिकच्या बसस्थानकात उतरतो, तिथे धर्मांबुधी तळं होतं. कंठीरवा स्टेडियम उभं आहे तिथे संपंगी तळं होतं. भारतीय विज्ञान संस्थेच्या टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, त्यानुसार १९७३ नंतरच्या चार दशकांत शहरातलं ७९ टक्के पाणीक्षेत्र गेलं. जे उरलंय त्याची काळजी आपण कशी घेतो, एवढाच प्रश्न आता हातात आहे.

आणि आपण काळजी चुकीची घेतो.

तळ्याचा जीव मधल्या खोल पाण्यात नसतो. तो काठावर असतो. जमीन संपते आणि पाणी सुरू होतं तिथला तो ओला, चिखलाचा, गवताचा, घोट्याएवढ्या पाण्याचा पट्टा. उन्हाळ्यात तो उघडा पडतो, पावसाळ्यात बुडतो. तिथे लव्हाळा उगवतो, पाणकणीस उगवतं, पाण्याखाली शेवाळ आणि बारीक पानांच्या वनस्पती माजतात. माशांची अंडी तिथे. बेडकांचे डिंभक तिथे. चतुरांची पिल्लं तिथेच पाण्याखाली वाढतात. शेकाट्याला आणि तुतारीला उभं राहायला जेमतेम दोनचार बोटं पाणी लागतं, जास्त झालं की त्यांचं जेवण बंद. कमळपक्ष्याला तरंगती पानं लागतात. टिबुकलीला घरटं बांधायला पाण्यात उभं गवत लागतं. हे सगळं त्या पट्ट्यात आहे, आणि नेमका तोच पट्टा आपल्या अभियंत्यांना ‘गाळ आणि झाडोरा’ वाटतो.

मग यंत्रं येतात. काठापासून काठापर्यंत सारखं खणून काढतात. कडेला उभा उतार देऊन त्यावर दगड बसवतात. बंगळूरच्या तळेप्रेमींनी अशा तळ्याला नाव ठेवलंय: सूपची वाटी. कडा उभ्या, तळ सपाट, आत नुसतं पाणी. दिसायला छान. फोटोत आभाळ पडलेलं दिसतं. पण या वाटीत उथळ जागाच नाही. कासवाला वर चढून मातीत अंडी घालायला जागा नाही, बेडकाला बाहेर पडायला जागा नाही, माशाला अंडी लपवायला गवत नाही. अशा तळ्यावर पाणकावळे भरपूर दिसतात, कारण त्यांना खोल, मोकळं पाणी लागतं. पाणकावळे दिसले म्हणून तळं सुधारलं असं मानू नका. शेकाट्या कुठे गेला, ते विचारा.

मरळ माशाचं सांगतो, म्हणजे काठ म्हणजे काय ते लक्षात येईल. मरळीची जोडी काठच्या गवतात, पानवेलींत एक लहानशी जागा मोकळी करते. अंडी तरंगती असतात, ती त्या मोकळ्या गोलात पाण्याच्या पृष्ठभागावर राहतात. खाली आईबाप पहारा देतात. पिल्लं निघाली की ती शेंदरी रंगाची असतात आणि सगळी मिळून एक झुंड करून हिंडतात. मरळ हवेत श्वास घेणारा मासा आहे, पिल्लांनाही ठरावीक वेळाने वर यावं लागतं. अख्खा शेंदरी घोळका एकदम वर येतो, पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा खळखळाट होतो आणि सगळी पुन्हा खाली. त्यांच्या बरोबर खाली, सावलीत, मोठा मासा असतो. बगळा जवळ आला तर तो उसळी मारतो. हे बघायला कुठे दूर अभयारण्यात जावं लागत नाही. जुलै-ऑगस्टात गवताचा काठ शिल्लक असलेल्या कुठल्याही तळ्यावर शांत उभं राहिलं तर दिसू शकतं. दगडाच्या काठावर कधीच दिसणार नाही. तिथे मरळ अंडी घालणार कुठे?

दुसरी गोष्ट, चढणीचे मासे. कोकणात, मावळात, विदर्भात ज्याचं बालपण गेलंय त्याला हे सांगायला नको. पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांना पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. शेतात, पाणथळ गवतात, उथळ डबक्यांत जाऊन अंडी घालतात. दख्खनच्या पठारावरचे कितीतरी लहान मासे, बारीक खवल्यांचे, मिशाळ शिंगटे, असेच जगत आले. बंगळूरची तळी साखळीने जोडलेली होती, त्यामुळे या माशांना खालच्या तळ्यातून वरच्या तळ्याकडे वाट होती. आज ती वाट म्हणजे राजकालुवे, आणि राजकालुवे म्हणजे दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या उभ्या भिंती, खाली काँक्रीटचा तळ, आत सांडपाणी. मासा चढणार कुठून? एखादं तळं सुटं करून सोन्याने मढवलं तरी त्याच्या वरचा ओढा मेलेला असेल तर त्या तळ्यात गावठी मासा टिकणं कठीण आहे.

आता उरलेलं काम परक्या माशांनी केलं. चिलापी १९५२ साली भारतात आणला. उजनीच्या धरणात त्याने काय केलं ते इंदापूर-करमाळ्याच्या भोयांना विचारा. आफ्रिकेचा मांगूर, ज्याच्यावर देशात बंदी आहे, तोही चोरून पोसला जातो आणि पाण्यात सुटतो. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याला भारतीय म्हणून ओळखीचे, पण ते मुळात उत्तरेच्या मोठ्या नद्यांचे. कावेरीच्या खोऱ्यातल्या तळ्यात ते बाहेरून आणून सोडलेले पाहुणे आहेत आणि साठलेल्या पाण्यात ते विणतही नाहीत. दर वर्षी बोटुकली आणून सोडायची, मोठी झाली की जाळं टाकून काढायची. हा व्यवसाय आहे, त्यावर पोटं आहेत, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण त्याला मत्स्यसंवर्धन म्हणू नका. संवर्धन इथल्या माशाचं असतं.

यात आपला, जयनगरकरांचा, वाटा मोठा आहे. घरातल्या काचेच्या पेटीतले मासे वाढले, कंटाळा आला, मारवत नाही, म्हणून आपण ते ‘मोकळे’ करायला तळ्यावर नेतो. अंगावर कठीण खवल्यांचं कवच असलेला तो दक्षिण अमेरिकेचा चूषकतोंड्या मासा असाच आला. कानशिलावर लाल पट्टा असलेली अमेरिकी कासवं अशीच आली. त्यांना सोडणारे हात दयाळू असतात, पण त्या दयेने इथल्या कासवाची जागा जाते. मुलांना घेऊन तळ्यावर जाऊन पावाचे तुकडे टाकणं हाही तसाच प्रकार. पाव पाण्यात कुजतो, कुजताना प्राणवायू खातो, आणि जो मासा पाव खायला धावून येतो तो बहुधा चिलापी असतो. थांबवा. दोन्ही थांबवा.

प्राणवायूचं गणित सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. एप्रिल-मे महिन्यात इथे आंबेसरी पडतात. पहिल्या सरीत गटारांत साठलेलं सगळं एकदम तळ्यात येतं. ते कुजवायला जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. त्यात हिरवं शेवाळ माजलेलं असेल तर ते दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री घेतं. म्हणून मासे पहाटे मरतात. सूर्य उगवायच्या आधी ते पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकताना दिसतात. सकाळी फिरायला जाणारी मंडळी ते ‘मासे खेळताहेत’ म्हणून मोबाइलवर टिपतात. ते खेळत नाहीत, गुदमरत असतात. मार्च २०१६ मध्ये हलसूर तळ्यावर हजारो मेलेल्या माशांचा पांढरा थर आला होता, तो साऱ्या देशाने पाहिला. आणि इथे एक वाईट गोष्ट घडते. अशा पाण्यात जे तग धरतात ते चिलापी आणि मांगूर. मरळही हवेवर जगून जाते, पण तिला विणायला काठ नाही. म्हणजे पाणी घाण ठेवलं आणि काठ बांधला की परक्यांचं राज्य आपोआप येतं, कुणी मुद्दाम आणावं लागत नाही.

बेळंदूर तळं याच रस्त्याचं शेवटचं टोक. जयनगर, जे. पी. नगर, कोरमंगलच्या उतारांवरून वाहणारं बरंचसं पाणी, आणि आपल्या मोऱ्यांमधलंही, शेवटी तिकडे जातं. तिथे फेस आला, रस्त्यावर उडाला. तळ्याला आग लागली. जानेवारी २०१८ मधली आग विझवायला लष्कराचे पाच हजार जवान उतरले होते. ती बातमी वाचून आपण हळहळलो आणि कपडे धुवायचं यंत्र लावलं. फेसातला साबण कुणाचा होता?

सोसायटीच्या बैठकीत काठाचं गवत राखा म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात: डास आणि साप. दोन्हींचं उत्तर देतो. डेंगीचा डास तळ्यात वाढत नाही. तो तुमच्या गच्चीवरच्या टायरमध्ये, कुंडीखालच्या बशीत, झाकण नसलेल्या पिंपात वाढतो. घाणीतला डास वाढतो तुंबलेल्या गटारात, जिथे मासाच नसतो. जिवंत तळ्यात डासांच्या अळ्या खायला पिकू मासा आहे, लहान खवल्यांचे मासे आहेत, चतुरांची पिल्लं आहेत. डासांवर उपाय म्हणून आपण १९२८ साली इटलीहून गम्बुशिया नावाचा मासा आणला, गप्पीही सोडत आलो. गम्बुशिया बेडकांची अंडी आणि डिंभक खातो, लहान माशांचे पर कुरतडतो. म्हणजे ज्या बेडकाने मोठा होऊन डास खाल्ले असते त्यालाच आपण लहानपणी मारला. घरचा पिकू असताना हा मासा आणायची गरज काय होती? आणि साप: तळ्याकाठी दिसणारा साप बहुतेक वेळा विरोळा असतो. बिनविषारी. मासे आणि बेडूक खातो. चिडला तर चावतो, जखम धुवायची आणि खात्रीसाठी डॉक्टरला दाखवायची. त्याच्या भीतीने दहा एकरांचं तळं सिमेंटात बुडवणं हा वेडेपणा आहे.

चांगलंही आपल्या शेजारीच आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. जे. पी. नगरच्या सातव्या टप्प्यातलं पुट्टेनहळ्ळी तळं. जेमतेम तेरा एकरांचं. (येलहंक्याजवळचं, पक्ष्यांसाठी राखीव असलेलं पुट्टेनहळ्ळी वेगळं.) वीस वर्षांपूर्वी ते राडारोड्याने भरत चाललं होतं. लेखिका उषा राजगोपालन आणि आजूबाजूच्या रहिवाशांनी मिळून २०१० साली विश्वस्त मंडळ स्थापन केलं, महापालिकेच्या मागे लागून गाळ काढून घेतला, आणि २०११ साली महापालिकेने या तळ्याची देखभाल करारावर त्यांच्याकडे सोपवली. शहरात नागरिकांच्या संस्थेशी झालेला तो पहिला असा करार. त्यांचं मला कौतुक आहे ते या कागदासाठी नाही. त्यांनी पाणकणीस सगळं उपटलं नाही, म्हणून आहे. वाढलं की काढायचं, पण सगळं नाही. तरंगती बेटं करून त्यावर पाणवनस्पती लावल्या, त्यांच्या मुळांनी पाण्यातला मळ खाल्ला. उन्हाळ्यात पाणी आटू नये म्हणून शेजारच्या गृहसंकुलाचं शुद्ध केलेलं सांडपाणी आत घेतलं.

तिथे जांभळी पाणकोंबडी आहे. लाल चोच, लाल लांब पाय, अंगावर निळा-जांभळा तजेला. ती पाणकणसाचा कोवळा दांडा मुळाशी तोडते, एका पायाच्या लांब बोटांत उचलून धरते, आणि चोचीने सोलून आतला पांढरा गाभा खाते. काळ्या लोकरीची पिल्लं मागे मागे चिखलातून धावत असतात, त्यांच्या चोचीत ती तो गाभा ठेवते. ज्यांनी हे एकदा पाहिलंय त्यांना पाणकणीस म्हणजे घाण हे पटवून देता येणार नाही.

शहराच्या उत्तरेला जक्कूरमध्ये आणखी मोठं काम आहे. जलमंडळाचा शुद्धीकरण प्रकल्प, त्यातून बाहेर पडणारं पाणी थेट तळ्यात न जाता आधी पाणथळीत जातं, पाणकणीस आणि जलपर्णीतून गाळून निघतं, आणि मग सुमारे १६० एकरांच्या तळ्यात उतरतं. यंत्राने जे जमत नाही ते नायट्रेट-फॉस्फेटचं काम वनस्पती करतात. तिथे कोळी मासेमारी करतात, पाखरंही आहेत. खर्च वेगळा फारसा नाही. लागते ती जागा, आणि तळ्याच्या तोंडाशी ती जागा मोकळी ठेवायची इच्छा.

पण मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते आपल्या विदर्भातून. भंडारा-गोंदियाची तळी कोहळी समाजाने बांधलेली. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींनी बांधला. त्या तळ्यांतली मासेमारी ढिवर समाजाची. तिथेही सगळं आपल्यासारखंच झालं: कटला-रोहूची बोटुकली आली, बेशरमाची झुडपं काठावर माजली, गावठी मासे कमी होत गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि ढिवर मंडळी यांनी उलट बाजूने सुरुवात केली. माशापासून नाही, काठापासून. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तळ्यांवर उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की बेशरम मुळासकट खणून काढलं, उघडा पडलेला काठ नांगरला, आणि गावकऱ्यांना कुठल्या माशाला कुठली वनस्पती लागते हे ठाऊक होतं, त्यानुसार पाणवनस्पती आणून लावल्या. पाऊस आला, तळं भरलं, वनस्पती वाढल्या, मासे परत विणू लागले, पाखरं परत आली. शालू कोल्हेंसारख्या ढिवर बाया या कामात पुढे आहेत, ग्रामसभेत उभ्या राहून बोलतात. माशांचं घर कुठे असतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारून केलेलं काम असं दिसतं. बंगळूरच्या तळ्याचा आराखडा करताना जुन्या मासेमाराला, तळ्याचं पाणी सोडणाऱ्या नीरगंटीच्या घरातल्या म्हाताऱ्याला, कुणी कधी खुर्ची देऊन विचारलंय का, उथळ कुठे होतं, मासे कुठून चढायचे?

कायद्याचीही बाजू आहे आणि ती चीड आणणारी आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने खास बांधलेले जलाशय त्या नियमांतून वगळलेत. बंगळूरची तळी तर माणसानेच बांधलेली. म्हणजे पाचशे वर्षं पाखरं येत राहिली तरी ती कागदावर पाणथळ नाहीत? आणि त्याच देशाने २०२४ च्या आरंभी अंकसमुद्र आणि मागडी केरे ही कर्नाटकातली दोन तळी पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत घातली, जी दोन्ही माणसाने बांधलेली आहेत. आपल्या नांदूरमध्यमेश्वरची पाणथळही बंधाऱ्यामुळेच झाली आणि ते २०२० साली महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पाखराला तळं कुणी बांधलं याच्याशी कर्तव्य नाही. नियम लिहिणाऱ्यांनाच का असावं?

मोकळ्या पट्ट्याचंही तेच. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने तळ्याभोवती ७५ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. राहिले ३० मीटर. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक विधानसभेत मंजूर झालेल्या दुरुस्ती विधेयकात तेही तळ्याच्या आकारानुसार उतरवलेत, लहान तळ्यांना अगदी तीन मीटरपर्यंत. तीन मीटरांत एक मोटार उभी राहते. लव्हाळा, चिखल, कासवाची अंडी, विरोळा, पाणकोंबडीचं घरटं तेवढ्यात बसवून दाखवावं. लहान तळ्याला कमी जागा लागते हा हिशेबच उलटा आहे. लहान तळं लवकर मरतं, म्हणून त्याच्या भोवतीची जागा जास्त जपायला हवी. आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये याच सारक्कीच्या ८२ एकरांतले ३२ एकर अतिक्रमणातून सोडवायला बुलडोझर लावावे लागले होते, ते आपण इतक्यात विसरलो?

सप्टेंबर २०२५ पासून बंगळूरची एक महापालिका जाऊन पाच झाल्या. जयनगर दक्षिण महापालिकेत आलं. नवी कार्यालयं, नवे अधिकारी, नव्या निविदा. विचारायची वेळ हीच आहे, आणि विचारायचं ते नेमकं विचारायला हवं. गणपती विसर्जनासाठी यडियूरला वेगळी कल्याणी, म्हणजे कुंड, केली, रंग आणि प्लास्टर तळ्याबाहेर राहिलं. लोकांनी ते मनापासून स्वीकारलं. म्हणजे समजावून सांगितलं तर जयनगर ऐकतं. मग पुढचंही समजावून सांगा. घेराचा निम्मा भाग फिरणाऱ्यांना द्या, निम्मा बंद ठेवा, तिथे फरसबंदी नको, दिवे नकोत, माणूस नको. गाळ काढा, पण एका वर्षी एका बाजूचा. कुंपणाच्या खाली वीतभर फट ठेवा, बेडकाला आणि कासवाला तेवढी पुरते. परके मासे जाळ्यात आले तर परत पाण्यात सोडू नका. आणि सगळी कामं एप्रिलच्या आत संपवा, कारण मे महिन्यात पाणी येतं आणि त्या पाण्याबरोबर विणीचा हंगाम येतो. त्यात जेसीबी उतरवून चालणार नाही. सुरुवात कुठून करायची असेल तर ज्या तोंडातून पावसाचं पाणी तळ्यात शिरतं त्या कोपऱ्यापासून करा. तिथला काठ सैल करा, उतार लांब आणि हळू द्या, लव्हाळा लावा आणि दोन पावसाळे त्याला हात लावू नका.